हाडावरची खूण आणि माणसाचा आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुरातत्त्व, मानवशास्त्र किंवा वैद्यक शिकताना प्राचीन सांगाड्यांकडे वळलेले विद्यार्थी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणे जास्त करून कुष्ठरोगाची आणि दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या काळातल्या) वस्त्यांची आहेत. कुष्ठरोगाला चिकटलेला कलंक आपल्याला अजून दिसतो, म्हणूनच तो चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसावर लादला जाण्याचा धोका तिथे सर्वांत मोठा.

हाड बघून आजार कळतो. मग त्यात समाजशास्त्र कशाला?

हाड बघून आजार कळतो हे अर्धेच खरे. हाडाला दोनच गोष्टी करता येतात: नवे हाड घालणे आणि असलेले हाड झिजवणे. शेकडो आजारांना ते एवढ्या दोन अक्षरांत उत्तर देते. पटकीने किंवा प्लेगने माणूस आठवडाभरात गेला तर हाडावर काहीच उमटत नाही. औषधपाण्याविना राहिलेल्या क्षयरोग्यांपैकीही साधारण ३ ते ५ टक्क्यांच्याच हाडांपर्यंत रोग पोहोचतो.

खूण सापडली तरी तिच्याभोवतीचे प्रश्न डॉक्टरकीत बसत नाहीत. हा आजार वस्तीतल्या कुणाला झाला आणि कुणाला नाही? तो घेऊन माणूस किती वर्षे जगला, त्या वर्षांत त्याला भाकरी कुणी दिली? मेल्यावर त्याला इतरांसारखेच पुरले की वेगळे? जंतू सगळ्यांना सारखाच, पण कोंदट खोलीत दहा जण झोपतात तिथे तो आधी पोहोचतो. या प्रश्नांना शिस्त लावायची तर सिद्धांत लागतो. नाहीतर उत्तर आपल्या घरच्या समजुतींतून येते आणि ते आपल्याला कळतही नाही.

‘सिद्धांत’ म्हणजे नेमके कोणते?

रोजच्या कामात चार-पाचच येतात. अर्व्हिंग गॉफमनने १९६३ मध्ये मांडलेली कलंकाची कल्पना: डाग शरीरावर नसतो, बघणाऱ्यांच्या वागण्यात असतो. योहान गाल्टुंगची १९६९ मधली संरचनात्मक हिंसा: कुणी हात न उगारताही व्यवस्थाच काहींचे आयुष्य कमी करते. पॉल फार्मर या डॉक्टरांनी ती पुढे हैतीमधल्या क्षयरोग आणि एड्सला लावली. अपंगत्वाचा सामाजिक दृष्टिकोन: पाय अधू असणे वेगळे आणि त्यामुळे पाणवठ्यावर जाता न येणे वेगळे. आयुष्यक्रमाचा विचार: लहानपणीची उपासमार चाळिशीत फेडावी लागते. आणि देहात उतरलेल्या सवयी. त्यातली सर्वांत साधी खूण म्हणजे उकिडवे बसणाऱ्यांच्या नडगीच्या खालच्या टोकाला घोट्याशी टेकून पडलेला छोटा गुळगुळीत सांधापृष्ठ. ही विकृती नव्हे. बसण्याची पद्धत हाडाने लिहून ठेवली, एवढेच.

सिद्धांत निवडताना एकच विचारायचे: हा खरा असेल तर जमिनीत काय दिसायला हवे, आणि खोटा असेल तर काय? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो सिद्धांत तुमच्या कामाचा नाही, मग तो कितीही मोठ्या माणसाचा असो.

सुरुवात कुठून करायची?

क्रम महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक चुका क्रम उलटल्यानेच होतात.

१. रोगाचे नाव न घेता वर्णन. ‘डाव्या नडगीच्या मधल्या तृतीयांशात, आतल्या बाजूला, ६ सेंटिमीटर लांबीचा नव्या हाडाचा थर, पृष्ठभाग रेघाळ’ असे. ‘संसर्गाची खूण’ असे लिहिले की पुढचा वाचणारा अडकलाच.

२. खूण ताजी की भरलेली. जाळीदार, करडे, बोटाला खरखरीत लागणारे नवे हाड म्हणजे मृत्यूच्या वेळी प्रक्रिया चालू होती. गुळगुळीत आणि जुन्या हाडात मिसळलेले असेल तर माणूस त्यातून तगला होता. हा फरक नोंदवला नाही तर पुढे सामाजिक अर्थ लावायला जागाच उरत नाही.

३. संपूर्ण सांगाड्यावर खुणा कुठे आहेत आणि कुठे नाहीत याचा नकाशा. ‘हाड नाही’ आणि ‘हाड आहे, खूण नाही’ यांना वेगळी चिन्हे द्या.

४. शक्य त्या सर्व रोगांची यादी, आणि प्रत्येकाच्या बाजूने व विरुद्ध काय आहे ते. निदानाची खात्री ठरलेल्या पायऱ्यांत मांडतात: विसंगत, सुसंगत, बरेच सुसंगत, नमुनेदार, निदानकारक. ही भाषा इस्तंबूल प्रोटोकॉलमधली, म्हणजे छळाच्या जखमा नोंदवण्यासाठी डॉक्टरांनी बनवलेली. २०१५ पासून ती प्राचीन सांगाड्यांसाठी वापरावी असा आग्रह आहे, आणि तो योग्य आहे.

५. या शरीराला काय जमत होते आणि काय नाही.

६. दफनाचा संदर्भ: जागा, दिशा, वस्तू, शेजारची दफने, घराशी नाते.

७. आता सिद्धांत. अपेक्षा आधी कागदावर लिहा, मग आकडे उघडा.

दुसऱ्या पायरीवरून थेट सातव्या पायरीवर उडी मारलेले प्रबंध भरपूर दिसतात. त्यांत वाक्ये सुंदर असतात.

महाराष्ट्रातल्या काळ्या मातीतली हाडे तर आधीच फुटलेली असतात. खोट्या खुणा कशा ओळखायच्या?

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. हाड दरवर्षी पिळले जाते. त्यामुळे लांबीच्या दिशेने जाणाऱ्या चिरा जवळपास ठरलेल्या. त्या जखमा नव्हेत. नवा तुटवा कडेला फिकट दिसतो. जुन्या तुटव्याची कड बाकीच्या हाडाच्याच रंगाची असते.

सर्वांत फसवणारा म्हणजे चुनखडीचा थर. तो नडगीवर असा बसतो की नवे हाडच वाटावे. भिंगाखाली कडेला बघा: चुना हाडाच्या वर बसलेला असतो आणि मधे रेघ दिसते, खरे नवे हाड खालच्या हाडात मुरलेले असते. सुटून आलेल्या कणावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की चुना फसफसतो. हे फक्त सुट्या कणावर करायचे, हाडावर कधीच नाही. मुळांनी कोरलेल्या नागमोडी खाचा आणि वाळवीची भोके हीसुद्धा नवख्याला रोगासारखी दिसतात. रोगाने पडलेल्या भोकाची कड गोलसर झालेली असते. वाळवीची भोके धारदार असतात आणि हाडाच्या रचनेची पर्वा न करता आरपार जातात.

कुष्ठरोग सांगाड्यावर नक्की कसा दिसतो?

चेहरा, हात, पाय. चेहऱ्यापासून सुरुवात करू.

कवटी समोर धरून नाकाच्या भोकाकडे बघा. निरोगी माणसात या भोकाची खालची कड धारदार असते आणि मध्यभागी पुढे आलेला एक छोटा काटा असतो. कुष्ठरोगात हा काटा झिजून जातो, कड बोथट होते, भोक गोल आणि रुंद वाटते. त्याखाली वरचे पुढचे दात धरणारे हाड खालून वर झिजत जाते. दातांची मुळे उघडी पडतात, मधले पटाशीचे दात हलून पडतात. टाळूच्या दोन्ही बाजूंना बारीक खड्डे दिसतात. काटा, कड, दातांचे हाड आणि टाळू असे सगळे मिळून दिसले तर निदान भक्कम. नुसता काटा नसेल तर तो बहुधा उत्खननात मोडलेला असतो.

पावलातली लांब हाडे पेन्सिलीला टोक काढावे तशी निमुळती होतात. कारण जंतू हाड खातो असे नाही; बधिर पायाला काटा-खडा कळत नाही, जखम चिघळते आणि नस निकामी झालेले हाड बारीक होत जाते. हातांची बोटे आखडलेली असतील तर बोटांच्या हाडांवर तळव्याच्या बाजूला आडवी खोबण पडते. नडगीवर आणि शेजारच्या बारीक हाडावर नवे हाड येते, पण ते इतर दहा कारणांनीही येते.

अडचण अशी की निदानाला लागणारी हाडेच आधी हरवतात. हाताबोटांची आणि पायाबोटांची मिळून ५६ हाडे. कित्येक उत्खननांत त्यांतली दहासुद्धा पिशवीत येत नाहीत. चेहरा, दोन्ही पंजे आणि दोन्ही पावले यांच्याभोवतीची माती वेगवेगळी भरून २ ते ४ मिलिमीटरच्या जाळीतून चाळा. डावा-उजवा हात एका पिशवीत टाकू नका. नंतर वेगळे करता येतात हे खरे, पण बोटांच्या हाडांत ते काम रडवते.

शेकडेवारी कशी काढायची?

सांगाड्यांवर नव्हे, हाडांवर. समजा ६० सांगाडे आहेत, पण डोळ्याच्या खोबणीचे छत फक्त २४ जणांचे शाबूत आहे आणि त्यांतल्या ९ जणांत छिद्रे आहेत. ६० ने भागले तर १५ टक्के, २४ ने भागले तर ३७.५ टक्के. दुसरा आकडा खरा. दोन वस्त्यांची तुलना पहिल्या आकड्याने केली तर तुम्ही आजार मोजत नसून माती मोजत आहात.

पाच-सात सांगाडे असतील तर शेकडेवारी काढूच नका. ‘सातांपैकी दोन’ लिहा.

ज्याच्या हाडांवर खुणा जास्त, तोच जास्त आजारी ना?

नाही, आणि या विषयात हे जितके लवकर पचेल तितके बरे. १९९२ मध्ये जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी याला ‘हाडांचा विरोधाभास’ म्हणून मांडले. तीन माणसे घ्या. पहिल्याला आजार झालाच नाही. दुसऱ्याला झाला आणि तो पंधरवड्यात गेला. तिसऱ्याला झाला, तो वर्षानुवर्षे झुंजला आणि म्हातारा होऊन मेला. पहिल्या दोघांची हाडे स्वच्छ, तिसऱ्याची खुणांनी भरलेली. सर्वांत चिवट कोण होता?

यात आणखी दोन गाठी आहेत. दफनभूमीत आपल्याला भेटतात ते मेलेले; दहा वर्षांची मुले भेटतात ती दहाव्या वर्षी मेलेली, म्हणजे त्या वयाच्या जिवंत मुलांचे ती प्रतिनिधित्व करत नाहीत. शिवाय बालदफने वाढली म्हणजे बालमृत्यूचे प्रमाण वाढले असे नाही. जन्म वाढले तरी मेलेल्या बाळांचा आकडा वाढतो. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीसारख्या ठिकाणी, जिथे दफनांत लहान मुलेच अधिक, हा मुद्दा सोडला तर ‘दुष्काळाने वस्ती खंगली’ ही गोष्ट फार सहज लिहिली जाते.

मार्ग आहे. भरलेल्या आणि चालू खुणा वेगळ्या करा आणि मृत्यूच्या वयाशी ताडून बघा. शेरन डेविट आणि वुड यांनी २००८ मध्ये लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड इथल्या दफनभूमीवर हेच केले. ती १३४८ ते १३५० च्या काळ्या मृत्यूसाठीच, म्हणजे प्लेगच्या मोठ्या साथीसाठीच उघडलेली. प्लेगने सगळ्यांना सरसकट नेले असते तर हाडांवर जुन्या ताणाच्या खुणा असणारे आणि नसणारे सारख्याच प्रमाणात मेले असते. तसे झाले नव्हते; आधीच खंगलेल्यांचा धोका जास्त होता. हे ठरल्यावर ‘आधीच खंगलेले कोण होते आणि का’ हा समाजाचा प्रश्न विचारायला आधार मिळतो.

बालाथलच्या कुष्ठरोग्याला समाजाने बाहेर टाकले होते का?

उदयपूरजवळच्या बालाथलचा हा पुरुष ख्रिस्तपूर्व २००० च्या सुमाराचा, मरताना वय अंदाजे ३७. त्याच्या चेहऱ्यावरच्या खुणांवरून कुष्ठरोगाचे निदान २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि भारतातला हा कुष्ठरोगाचा सर्वांत जुना सांगाडारूपी पुरावा म्हणून गाजला. तो पुरला होता दगडी कोटाच्या आत, जळलेल्या शेणाच्या राखेच्या भरावात.

इथे दोन वाचने समोरासमोर उभी राहतात. एक: रोगी म्हणून त्याला दहन नाकारले आणि राखेत ढकलले. दुसरे: राख आणि शेण पवित्र, कोटाच्या आतली जागा मानाची, म्हणजे हा सन्मान. आपल्याकडे संन्याशाला समाधी देतात, लिंगायत पुरतात, दात न आलेल्या बाळालाही जाळत नाहीत. या तिन्हींत अपमान कुठेच नाही. तेव्हा ‘पुरले म्हणजे टाकले’ हे समीकरण मराठी वाचकाला तरी पटू नये.

निवाडा करायला तुलना लागते: त्याच काळातले, त्याच वस्तीतले, निरोगी लोक कसे पुरले? बालाथलची दफने हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी कमी आहेत, म्हणून तुलना होत नाही. उत्तर खुले ठेवायचे. एक गोष्ट मात्र म्हणता येते: नाकाचा काटा झिजून दातांचे हाड मागे जाईपर्यंत वर्षे लागतात, आणि ती वर्षे हा माणूस जगला.

पण कुष्ठरोग्याला वाळीत टाकणे तर सगळीकडेच होते?

ही समजूत मुख्यतः अलीकडच्या काळाची. आपल्याकडे १८९८ चा कायदा निराधार कुष्ठरोग्यांना पकडून आश्रमात ठेवण्याची मुभा देत होता. तो २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण २०१९ पर्यंत होते. असल्या जगात वाढलेला अभ्यासक चार हजार वर्षांपूर्वीच्या कवटीकडे कोऱ्या नजरेने बघूच शकत नाही. शिवाय जुन्या ग्रंथांतले ‘कुष्ठ’ म्हणजे आजचा कुष्ठरोग असे धरू नका. त्या नावाखाली त्वचेचे कितीतरी विकार येतात.

इंग्लंडमधल्या विंचेस्टरचे सेंट मेरी मॅग्डालेन रुग्णालय याबाबत डोळे उघडणारे आहे. मध्ययुगीन युरोपात कुष्ठरोगी म्हणजे घंटा वाजवत फिरणारा बहिष्कृत, हे चित्र सर्वांच्या डोक्यात. तिथल्या कबरी मात्र काळजीपूर्वक खोदलेल्या, काहींत डोक्यासाठी खोबणीसुद्धा कोरलेली. एका तरुणासोबत शिंपला होता, स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेकरूंची ती खूण. त्याच्या दातांतल्या समस्थानिकांवरून, म्हणजे लहानपणीच्या अन्नपाण्याने सोडलेल्या रासायनिक खुणांवरून, तो त्या भागात वाढलेला नसावा असे दिसते. आजारी माणूस, यात्रेकरू आणि मान देऊन पुरलेला. गावाबाहेर ठेवणे आणि आदर राखणे एकाच वेळी चालू शकते. कलंकाच्या सिद्धांताला ही गुंतागुंत पेलावी लागते.

अपंग माणूस जगला म्हणजे त्याची काळजी घेतली गेली, हे तरी नक्की?

कधी नक्की, कधी नाही. व्हिएतनाममधल्या मान बाक इथला नऊ क्रमांकाचा सांगाडा बघा. साधारण चार हजार वर्षांपूर्वीचा, विशीतला पुरुष. मानेचे मणके जन्मजात एकमेकांत जोडलेले, हातापायांची हाडे वापराविना काडीसारखी बारीक. पौगंडावस्थेपासून तो पांगळा होता आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षे जगला. लॉर्ना टिली यांनी यावरून काळजीच्या पुरातत्त्वाची चार टप्प्यांची पद्धत बांधली: निदान, त्या परिस्थितीत काय जमत नव्हते, जगायला किमान कोणती मदत लागली, आणि त्यावरून समाजाबद्दल काय म्हणता येते.

तिसरा टप्पा हा या पद्धतीचा आधार. खिळलेल्या रुग्णाला आजची परिचर्या दर दोन तासांनी कूस बदलायला लावते, नाहीतर पाठीवर जखमा होतात आणि त्या चिघळून जीव जातो. घास भरवणे, मलमूत्र काढणे, अंग पुसणे, पाणी तोंडाशी धरणे, तेही मासेमारी-शिकारीवर जगणाऱ्या छोट्या वस्तीत, दहा वर्षे. हे एकट्या आईच्या हातून निभावण्यासारखे नाही. कामे वाटली गेली असणार. इथपर्यंत हाड बोलते.

‘म्हणून ते लोक प्रेमळ होते’ हे हाड बोलत नाही. कॅथरीन डेटवायलर यांनी १९९१ मध्ये याच घाईवर बोट ठेवले: अधू माणूस ओझेच असतो हे कुणी ठरवले? एक हात निकामी असलेला माणूस मुले सांभाळतो, धान्य राखतो, गोष्टी सांगतो. आणि भाकरी घालणारा समाज त्याच माणसाची टिंगलही करू शकतो. ‘मदत मिळाली’ लिहा. ‘माया होती’ लिहू नका.

इनामगावच्या मोठ्या माणसांचे पाय तोडलेले होते. तो आजार की शिक्षा?

दोन्ही नाही असे दिसते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान उत्खनन केलेल्या या वस्तीचा काळ साधारण ख्रिस्तपूर्व १६०० ते ७००. तिथे प्रौढांना घराच्या जमिनीखाली खड्ड्यात उताणे, उत्तर-दक्षिण निजवलेले आढळते आणि घोट्याखालचे पाय नसतात. बाळे मात्र तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन मडक्यांत. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेला पुरुष मिळाला. त्याचे पाय मात्र शाबूत होते. तो वस्तीचा प्रमुख असावा असे उत्खननकर्त्यांनी मानले.

जिवंतपणी पाय गेला की मेल्यावर, हे टोक बघून ठरते. माणूस तगला असेल तर काही आठवड्यांत कड गोल होऊ लागते आणि महिन्यांनी आतली पोकळी नव्या हाडाने बुजते. मेल्यावर कापले तर कड तशीच राहते. एकाच पद्धतीने इतक्या जणांचे पाय नसणे हा मृत्यूविधी. मेलेला चालत परत येऊ नये म्हणून असे करत, हा नेहमीचा अर्थ. तो शक्य आहे, सिद्ध नाही.

आजाराच्या अभ्यासाला याचा वेगळाच फटका बसतो आणि तो सहसा कुणी मोजत नाही. कुष्ठरोगाच्या, मधुमेही पायाच्या, कित्येक सांधेविकारांच्या खुणा पावलांतच असतात. विधीनेच पावले काढून घेतली असतील तर ‘इनामगावच्या प्रौढांत कुष्ठरोगाने झडलेले पाय आढळले नाहीत’ या वाक्याला काही अर्थ नाही. समाजाने नमुना आधीच छाटलेला आहे.

प्राचीन काळी मुलींची आबाळ होत होती का, हे दातांवरून कळेल?

दातांच्या आवरणावरच्या आडव्या रेघा म्हणजे बालपणी वाढ थबकल्याची नोंद. सुळा सर्वांत उपयोगी. त्याच्या माथ्याचे आवरण जन्मानंतर काही महिन्यांपासून सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत बनत असते. नख वरून खाली फिरवा, रेघेवर अडकते. दात निम्म्याहून जास्त झिजला असेल तर तो मोजणीतून काढा, नाहीतर झीज म्हणजेच आरोग्य ठरेल.

मुलगा-मुलगी ओळखणे ही खरी अडचण. लहान मुलांच्या हाडांवरून लिंग खात्रीने सांगता येत नाही. प्रौढ स्त्रियांचे दात तपासले तर त्या जगलेल्या मुली आहेत. आबाळीने गेलेल्या त्यात नाहीत. अलीकडे आवरणातल्या अ‍ॅमेलोजेनिन या प्रथिनावरून बाळांचेही लिंग ठरवता येते, आणि त्याला दाताचा अगदी थोडा पृष्ठभाग आम्लाने उकरावा लागतो. या प्रथिनाचा एक्स प्रकार दोघांत असतो, वाय प्रकार फक्त मुलग्यांत. वाय प्रकार सापडला तर मुलगा नक्की. तो नाही सापडला तर मुलगी असेल किंवा प्रथिन टिकले नसेल. ‘मुलगी’ लिहिण्याआधी एक्स प्रकार पुरेसा मिळाला का ते बघा. नाहीतर खराब टिकलेली सगळी मुले मुली ठरतात आणि आबाळीचा सिद्धांत आपोआप सिद्ध होतो.

डोळ्याच्या खोबणीत छिद्रे म्हणजे लोहाची कमतरता?

जुने उत्तर. २००९ मध्ये फिलिप वॉकर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हाडातली मज्जा फुगून ही छिद्रे पडतात असे धरले, तर नुसत्या लोहाच्या कमतरतेने मज्जा अशी फुगणे पटत नाही. ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, लाल पेशी फुटणारे पंडुरोग, स्कर्व्ही हे सगळे रांगेत उभे आहेत. ‘गरिबांना मांस मिळत नव्हते’ हे वाक्य या छिद्रांवर उभे करू नका.

गुडघे झिजलेले दिसले तर दळण-कांडण म्हणता येईल?

सांधे झिजण्याचे पहिले कारण वय. सीरियातल्या अबू हुरेरा इथे स्त्रियांच्या पायाच्या अंगठ्यात, गुडघ्यात आणि कण्यात एकत्र बदल मिळाले, आणि सोबत दगडी पाटेही. म्हणून तिथे गुडघे टेकून दळण्याचा अर्थ टिकला. फिरते जाते नंतरचे. इनामगावच्या काळात सरळ पाटा-वरवंटा. जात्यावरच्या बाईची बैठक त्या सांगाड्यात शोधू नका.

संरचनात्मक हिंसा हाडांत दाखवता येते?

येते, पण एका खुणेत नाही. आजार, जखमा, आहार आणि दफन यांतले फरक एकाच गटाकडे झुकलेले दिसावे लागतात. हडप्पा इथल्या ‘एरिया जी’ या अस्थिसंचयात, म्हणजे एकत्र टाकलेल्या हाडांच्या ढिगात, जखमा आणि संसर्ग जास्त आढळले, आणि त्यावरून नगराच्या पडत्या काळात काही लोक कडेला ढकलले गेले असे संशोधकांनी २०१२-१३ मध्ये मांडले. मांडणी दमदार आहे. पण अस्थिसंचयात हाडे निवडून आणलेली असू शकतात, हा आक्षेप बाजूला ठेवून ती वाचू नये.

एक गोष्ट सहसा राहून जाते. आपण ज्या संग्रहांवरून वय आणि लिंग ओळखायला शिकलो, ते अमेरिकेतले हॅमन-टॉड आणि टेरी संग्रह बेवारस, गरीब माणसांच्या देहांचे आहेत. जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले सांगाडे दशकानुदशके कोलकात्याहून जात. भारताने ती निर्यात १९८५ मध्ये बंद केली. त्या सांगाड्यांपैकी कुणी संमती दिली होती का, हे विचारायला सिद्धांत लागत नाही.

दफनांतल्या फरकावरून जात ओळखता येईल?

नाही. प्रतिष्ठेतला फरक म्हणा, घराण्यातला फरक म्हणा. जात हा शब्द वापरायचा तर जन्माने ठरलेले सोयरसंबंध आणि व्यवसाय दाखवावे लागतील, आणि ताम्रपाषाणयुगाच्या हाडांतून ते दिसत नाहीत.

नमुने कापण्याआधी काय बघावे?

ज्या संस्थेच्या ताब्यात हाडे आहेत तिची लेखी परवानगी. आधी छायाचित्रे, मोजमापे, शक्य तर त्रिमितीय नोंद. कापल्यावर खूण परत येत नाही. खुणेतूनच नमुना घ्यायचा मोह टाळा. न धुतलेला आणि कीटण न खरवडलेला एक दात, आणि डिंक किंवा रसायन न चढवलेला हाडाचा एक भाग प्रत्येक सांगाड्यातून राखून ठेवा. आपल्या उष्ण हवामानात हाडातले कोलॅजन हे प्रथिन वाईट टिकते, म्हणून आधी एक-दोन तुकड्यांवर चाचणी करा आणि मगच वीस सांगाडे पाठवा.

अहवालातले वाक्य कसे असावे?

‘हा बहिष्कृत कुष्ठरोगी होता’ असे नको. असे लिहा: ‘चेहऱ्यावरचे बदल कुष्ठरोगासाठी नमुनेदार आहेत, पावले उपलब्ध नाहीत. खुणांच्या अवस्थेवरून आजार अनेक वर्षांचा. दफनाची जागा आणि दिशा त्याच थरातल्या इतर अकरा प्रौढांसारखीच. मृत्यूविधीत वेगळी वागणूक दिल्याचा पुरावा नाही. जिवंतपणीच्या वागणुकीबद्दल या दफनातून काही सांगता येत नाही.’ परीक्षक विचारतील, सिद्धांत कुठे आहे. तो ‘इतर अकरा प्रौढांसारखीच’ या शब्दांत आहे: वेगळे दफन दिसले असते तर कलंकाचा मुद्दा टिकला असता, ते दिसले नाही.